बाळाचं नाव, आईला नावं : बाबागाडीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका फोटोपासून करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. ५ जुलै २०१५, इंग्लंडमधलं सँड्रिंगहॅम. राजघराण्यातल्या छोट्या शार्लटचा बाप्तिस्मा होता आणि तिची आई केट तिला बाबागाडीतून चर्चकडे घेऊन चालली होती. गाडी उंच, मोठ्या चाकांची, जुन्या घाटाची. ती मिल्सन नावाच्या कंपनीची होती आणि राणी एलिझाबेथने ती आपल्या धाकट्या दोन मुलांसाठी, अँड्र्यू आणि एडवर्डसाठी वापरली होती. म्हणजे गाडीचं वय पन्नासच्या आसपास. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. परंपरा, साधेपणा, वगैरे.

आता हाच फोटो जरा बदलून बघू. गाडी तीच, पन्नास वर्षांपूर्वीची, कुणीतरी वापरून दिलेली. पण ती ढकलणारी बाई बसस्टॉपवर उभी आहे, कामावर जायची घाई आहे. तिला कुणी परंपरा म्हणेल का? 'बाळासाठी एक नवी गाडीसुद्धा घेतली नाही' असंच म्हणतील.

गाडी एक, आई दोन, निकाल दोन. आजचा आपला विषय हाच आहे. बाळाच्या सामानावरून आईबापांना, आणि खरं सांगायचं तर आईलाच, नावं ठेवायची पद्धत कुठून आली? आपण बारशाला बाळाचं नाव ठेवतो आणि त्याच दिवशी आईला नावं ठेवायला सुरुवात करतो. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. त्याला इतिहास आहे आणि त्यातला बराचसा इंग्लंडमध्ये सापडतो, कारण बाबागाडी तिथे घडली.

सुरुवात होते १७३३ मध्ये. विल्यम केंट हा तिथला नावाजलेला वास्तुरचनाकार, बागा आखणारा. त्याने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी केली. शिंपल्याच्या आकाराची, आणि ती ओढायला बकरी किंवा लहान तट्टू जुंपायचं. ते खेळणंच होतं म्हणा ना. पण बघा, पहिल्याच गाडीत दोन गोष्टी आल्या. एक, बाळाची गाडी ही मोठ्यांच्या घोडागाडीची छोटी नक्कल होती. आणि दोन, ती बाळाच्या सोयीपेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी जास्त होती.

पुढे शंभर वर्षांनी, १८४० च्या दशकात, व्हिक्टोरिया राणीने लंडनच्या हिचिंग्स या दुकानातून तीन बाबागाड्या घेतल्या. तिला पुढे एकूण नऊ मुलं झाली, तेव्हा गाड्यांना काम कमी पडलं नसणार. पण राणीने घेतली म्हटल्यावर श्रीमंत घरांना ती हवीशी झाली, आणि श्रीमंतांनी घेतली म्हटल्यावर मध्यमवर्गाला. १८५० च्या दशकात चार्ल्स बर्टन याने पुढून ओढायच्या गाडीऐवजी मागून ढकलायची गाडी काढली. 'पेरॅम्ब्युलेटर' हा शब्द तेव्हा रूढ झाला आणि त्याचंच पुढे 'प्रॅम' झालं. हा बदल वरवर यंत्रातला वाटतो. पण ओढायच्या गाडीत बाळ पाठीमागे असतं. ढकलायच्या गाडीत ते पुढे असतं, मिरवणुकीत पालखी पुढे असावी तसं. समोरून येणाऱ्याला आधी गाडी दिसते, मग बाळ, आणि मग ते ढकलणारी व्यक्ती.

१८७७ मध्ये लीड्स शहरात विल्यम विल्सन याने बाबागाड्यांचा कारखाना काढला. हीच ती पुढे गाजलेली 'सिल्व्हर क्रॉस'. त्यांच्या गाड्या घोडागाड्यांच्या कारागिरीने घडत. लाकडी अंग, खाली स्प्रिंगा, वर दुमडणारं छत, कडेने हाताने ओढलेली बारीक रंगीत रेघ. आता रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला घराची आर्थिक स्थिती विचारावी लागत नव्हती. चाकं आणि रेघ बघितली की कळायचं.

ही गाडी ढकलायची कोण? श्रीमंत घरात आई नाही, नॅनी. मुलं सांभाळणारी पगारी बाई. १८९२ मध्ये एमिली वॉर्ड या बाईंनी नॉरलंड संस्था काढली आणि नॅनीच्या कामाला रीतसर शिक्षण आलं. लंडनच्या हाइड पार्कमध्ये दुपारी या नॅनी जमायच्या. आणि तिथे, मंडळी, खास उतरंड होती. एक किस्सा तिकडे नेहमी सांगतात. नवी नॅनी बाकावर बसायला गेली, तर तिला आधी विचारलं गेलं की तुझ्या बाईसाहेबांना किताब आहे का? नसेल तर हा बाक तुझा नाही. किस्सा शब्दशः खरा असेल नसेल, पण तो सांगितला जात होता यातच सगळं आलं. गाडी मालकिणीची, बाळ मालकिणीचं, आणि प्रतिष्ठा सांभाळायची पगारी बाईने.

इथपर्यंतची गोष्ट गमतीची आहे. मोठ्या लोकांची हौस, बाकी काय. पण त्याच लंडनमध्ये, हाइड पार्कपासून तासभर चालत गेलं तर, ही गोष्ट गमतीची राहत नाही.

१९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण दीडशे पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. त्यातच बोअर युद्ध झालं. सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण शरीराने इतके दुबळे निघाले की सरकार हादरलं. १९०४ मध्ये या 'शारीरिक ऱ्हासा'वर चौकशी समितीचा अहवाल आला. साम्राज्याला सैनिक हवेत, सैनिकांसाठी धडधाकट बाळं हवीत, मग बाळं का मरतात? कारणं सगळी समोर होती. दूषित दूध, एका खोलीत सहा माणसं, तुंबलेली गटारं, अपुरा पगार. पण गटारं बांधायला पैसा लागतो. आईला उपदेश करायला लागत नाही. त्यामुळे बोट वळलं आईकडे. ती अडाणी आहे, निष्काळजी आहे, तिला शिकवलं पाहिजे.

१९०७ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस भागात 'आयांची शाळा' निघाली. एक गोष्ट आधीच सांगतो, या शाळा काढणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी गरोदर बायकांना जेवण दिलं, बाळांची वजनं केली, कित्येकींना आधार दिला. पण त्या काळच्या उपदेशांत एक उपदेश होता बाळाच्या बिछान्याचा. गरीब घरात बाळ आईबापांच्या कुशीत झोपायचं. झोपेत अंगाखाली येऊन बाळ गुदमरतं असं डॉक्टर म्हणत. तेव्हा बाळाला वेगळा पाळणा पाहिजे. पाळणा घ्यायला पैसे नाहीत? मग केळ्यांचं खोकं घ्या. लंडनमध्ये केळी लाकडी खोक्यांतून यायची. ते रिकामं खोकं आणा, कापड लावा, झाला पाळणा.

सल्ला व्यवहारी वाटतो, नाही का? मलाही पहिल्यांदा वाटला. पण त्या खोलीत उभं राहून बघा. खोलीत एकच पलंग, त्यावर चौघं. खोकं ठेवायचं कुठे? आणि खोकं मिळेल फुकट, पण वेगळ्या बिछान्याला वेगळं पांघरूण लागतं. जानेवारीच्या थंडीत, विस्तव विझलेल्या खोलीत, बाळाला ऊब फक्त आईच्या अंगाची होती.

१९०८ मध्ये यात कायदा आला. त्या वर्षीच्या मुलांविषयीच्या कायद्यात एक कलम होतं. दारूच्या अंमलात असलेल्या मोठ्या माणसाशेजारी झोपलेलं तीन वर्षांखालचं मूल गुदमरून गेलं, तर तो दुर्लक्षाचा गुन्हा. दारूची अट होती हे खरं. तरी बाळ दगावलेल्या घरात चौकशीला माणूस आला की पहिला प्रश्न असायचा, बाळ कुठे झोपलं होतं? आज डॉक्टर सांगतात की त्यातले काही मृत्यू तरी अचानक होणाऱ्या बालमृत्यूचे असावेत, ज्यात आईचा काडीचा दोष नसतो. पण तेव्हा सामान नसणं हाच आईविरुद्धचा पुरावा झाला होता.

याच वेळी थेम्सच्या दक्षिणेला, लँबेथमध्ये, फेबियन गटातल्या काही स्त्रियांनी वेगळं काम केलं. १९०९ पासून चार वर्षं त्या कामगारांच्या घरी दर आठवड्याला जात राहिल्या. आठवड्याला १८ ते ३० शिलिंग मिळवणारी घरं. म्हणजे अगदी दरिद्री नव्हेत, नियमित पगाराची माणसं. त्यांनी बायकांना खर्चाचा हिशेब लिहायला लावला. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक'. त्या हिशेबांत एक खर्च सगळीकडे होता, मुलांच्या अंत्यविधीच्या विम्याचा. दर आठवड्याला काही पेनी. सुखवस्तू वाचक म्हणणार, बघा, दुधाला पैसे नाहीत आणि मेल्यावरच्या दिखाव्याला आहेत! रीव्ह्जबाईंनी शांतपणे दाखवलं की विमा नसलेल्या घरात मूल गेलं, तर साध्यात साध्या दफनाचं कर्जही महिनोन्महिने फिटत नाही, आणि ते कर्ज उरलेल्या मुलांच्या ताटातून फिटतं. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. या बायकांना अक्कल कमी नाही, पैसे कमी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातलं झालं. आपलं काय?

आपल्याकडे हीच लाट आली. १९२४ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रेडिंग यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानात 'बेबी वीक' सुरू झाला. प्रदर्शनं, भाषणं, गुटगुटीत बाळांना बक्षिसं. आणि त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत बायका दहा-दहा तास उभ्या राहत होत्या. चाळीतल्या खोलीत बाळ झोपून राहावं म्हणून त्याला बाळगोळी द्यायच्या, म्हणजे अफू. सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. हे वाचून आजही आपला हात तोंडावर जातो. पण गिरणीत पाळणा टांगायला जागा होती का, हा प्रश्न किती जणांनी विचारला? १९३४ च्या कारखाने कायद्यात बायका जास्त असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. तोवर दोष गोळी देणारीचाच होता.

आणि आपल्या घरातलंही बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल की गुरुजी नुसते दुसऱ्यांना बोलतात. आपल्याकडे बाळाचे पहिले कपडे जुन्याचे करत. मऊ झालेल्या धोतराची लंगोटी, आजीच्या लुगड्याची दुपटी. पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचा आणि ज्या पाळण्यात चार पोरं सुखरूप वाढली तो मागून आणायचे. शेताच्या बांधावर साडीची झोळी झाडाला बांधली की झालं. जुनं म्हणजे बाळाला मानवणारं, असा समज होता. पण फार गहिवरायला नको. याच घरात बारशाच्या दिवशी 'माहेरून काय आलं?' हा प्रश्नही होता. पाळणा कसला, वाळे चांदीचे की कशाचे, हे सगळं बायका हळूच तपासत होत्या, आणि बाळंतीण ते पडद्याआडून ऐकत होती. हाइड पार्कचा बाक आपल्या माजघरातही होता.

पुन्हा इंग्लंडकडे जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी बाबागाडी कामगार वस्तीतही आली, बहुतेक वेळा हप्त्यांवर. उत्तर इंग्लंडमध्ये एक समजूत होती की बाळ जन्मण्याआधी गाडी घरात आणायची नाही, अपशकुन होतो. गाडी पैसे भरून दुकानातच ठेवायची. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपणही सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची खरेदी करत नाही. पण एकदा बाळ झालं की ती गाडी दारापुढे उभी राहायची. बाळाला मोकळी हवा मिळावी, हे कारण खरंच होतं. आणि शेजाऱ्यांना गाडी दिसावी, हेही होतं. शतकभर ज्यांच्या आईपणावर संशय घेतला गेला, त्या बायकांनी ती गाडी प्रमाणपत्रासारखी दारात लावली. 'ऐपत नसताना एवढी गाडी कशाला?' असं म्हणणाऱ्याला हा इतिहास माहीत नसतो.

१९६५ मध्ये ओवेन मॅकलारेन या निवृत्त अभियंत्याने पेटंट मागितलं. हा स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेला माणूस. परदेशातून आलेल्या मुलीची नातीच्या जड बाबागाडीशी चाललेली झटापट त्याने पाहिली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. वजन जेमतेम सहा पौंड. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मिटलेली गाडी, आणि बाई बसमध्ये चढली. बाबागाडीच्या इतिहासात आईच्या सोयीचा इतका विचार पूर्वी क्वचितच झाला असेल.

वाटलं असतं की आता मिरवणं संपलं. पण १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये 'बुगाबू' बाजारात आली. मॅक्स बारेनब्रुग या तरुणाने आइंडहोव्हनच्या डिझाइनच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ती आखली होती. २००२ मध्ये ती 'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेत दिसली आणि सातशे डॉलरच्या वरची बाबागाडी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर प्रतिष्ठेची खूण झाली. मग उलटी टीकाही आली. अशी गाडी ढकलणारी आई म्हणजे दिखाऊ. म्हणजे बघा, स्वस्त घेतली तर निष्काळजी, महाग घेतली तर मिरवणारी. या परीक्षेत पास व्हायची सोयच नाही.

'पण सुरक्षेचं काय?' असं कुणीतरी विचारणार. विचारायलाच हवं. मोटारीतली बाळाची खुर्ची खरंच जीव वाचवते, तिथे काटकसर नको. पण युरोपात विकायला ठेवलेल्या स्वस्त-महाग सगळ्या खुर्च्यांना किमान कसोटी एकच असते. आणि दुसरं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मोहीम निघाली, बाळाला पालथं झोपवू नका, पाठीवर झोपवा. अचानक होणारे बालमृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. घरातल्या घरात एवढे जीव वाचवणाऱ्या या गोष्टीची किंमत किती? शून्य. ती विकता येत नाही, म्हणून तिची जाहिरातही दुकानात दिसत नाही.

शेवटची गोष्ट पुन्हा एका खोक्याची.

फिनलंडमध्ये १९३७ मध्ये कायदा झाला आणि १९३८ पासून गरीब मातांना सरकारतर्फे बाळाचं सामान मिळू लागलं. तेव्हा तिथेही बालमृत्यू बरेच होते. कपडे शिवायला कापड, पांघरूण, लागणाऱ्या वस्तू. १९४९ मध्ये त्यांनी एक छोटा बदल केला. उत्पन्नाची अट काढून टाकली. मजुराची बायको असो की मंत्र्याची, सामान सगळ्यांना तेच. अट एकच, गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासणीला यायचं. हे सामान पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यातून येऊ लागलं. त्या खोक्यात तळाला गादी असते, आणि पिढ्यान् पिढ्या फिनिश बाळं पहिले काही महिने त्यातच झोपली. खोक्याऐवजी रोख रक्कम घ्यायची मुभा आहे, तरी पहिलटकरणी बहुतेक खोकंच घेतात. तिथले बालमृत्यू कमी झाले त्याचं श्रेय एकट्या खोक्याला देता येणार नाही. तपासणी, दवाखाने, राहणीमान, सगळ्यांचं ते आहे.

पण आपल्या विषयापुरतं बघा. लंडनमधलं केळ्यांचं खोकं आणि फिनलंडमधलं पुठ्ठ्याचं खोकं, दोन्ही खोकीच. पहिलं फक्त गरीब आईला सुचवलेलं होतं, त्यामुळे ते घरात असणं ही गरिबीची खूण आणि नसणं हा निष्काळजीपणाचा पुरावा. दुसरं सगळ्यांना मिळतं, त्यामुळे ते कशाचीच खूण नाही. त्यातल्या कपड्यांचे रंग आणि नक्षी वेळोवेळी बदलतात, म्हणून म्हणे बागेत बाळाचे कपडे बघून ते कोणत्या साली जन्मलं ते ओळखता येतं. बायका तिथेही एकमेकींच्या बाळांकडे निरखून बघतात. पण कपड्यांवरून कळतं ते बाळाचं वय, बापाचा पगार नाही.

वेळ संपत आली आहे. व्याख्यानाआधी एक तरुण बाई भेटल्या. कडेवर पाच महिन्यांचं बाळ. म्हणाल्या, 'सर, नणंदेची जुनी गाडी आहे, चाकं चांगली आहेत. पण सोसायटीच्या बागेत न्यायला लाज वाटते. नवी घेऊ का?' मी म्हटलं, ब्रेक आणि पट्टा तपासा, दोन्ही धड असतील तर खुशाल न्या. त्यांचं समाधान झालं नाही, ते मला दिसलं. बरोबरच आहे. त्यांचा प्रश्न गाडीचा नव्हताच, तो आपल्या सगळ्यांच्या नजरेचा होता. तो त्यांना दुकानात जाऊन सोडवता येणार नाही. त्या आत्ता तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, बाळ झोपलं आहे. बाहेर पडताना दाराशी त्यांची गाडी दिसेल. तिच्याकडे बघू नका. बाळाकडे बघा, गोड आहे.